चार गेड्यांचा एक आवाज

कर्र... आणि पाठोपाठ एक दीर्घ, धारदार सुस्कारा! बर्फाच्या शुभ्र रिंगणावर पोलादाचं पातं वळलं आणि असा काही आवाज झाला, की माझ्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला. टीव्हीवर कुठल्याशा परदेशातली स्पर्धा चालू होती. एक कृश तरुणी आणि तिचा जोडीदार पायांत पाती बांधून बर्फावर तरंगत होती. नात म्हणाली, "आजोबा, तिचा घोटा दुखावला आहे म्हणते, तरी खेळून राह्यली बघा!" झालं, घरातली सारी तिच्या घोट्याकडे डोळे लावून बसली. मी मात्र पाहत होतो तिच्या जोडीदाराकडे. का? म्हाताऱ्याची खोड म्हणा हवं तर. त्या एका आवाजानं मला ब्रह्मपुरीच्या या घरातून उचललं आणि पन्नासच्या दशकातल्या माझ्या गावच्या चिखलात नेऊन उभं केलं, तेही जमिनीपासून दोन हात उंच!

तुम्ही गेडी पाहिली आहे? नसेल, तर माझ्या मते तुमचा अर्धा जन्म फुकट गेला. डोक्याच्याही वर जातील असे दोन सरळसोट बांबू घ्यायचे, दोन हातांच्या उंचीवर पाय ठेवायला बांबूचेच आडवे तुकडे अंबाडीच्या दोरीनं करकचून बांधायचे, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात बांबू धरायचा आणि चालू लागायचं. श्रावणात आमच्याकडे वाट म्हणजे गुडघाभर चिखल. पावसानं न्हालेलं सागवान, धानाच्या बांध्यांतल्या पाण्यात थरथरणारं आभाळ, आणि त्या साऱ्या हरित समृद्धीवरून कोरड्या पायांनी विहरणारे आम्ही उडाणटप्पू! दोरीला चार थेंब मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, पाजलं, की पायाचा भार पडताच ती बोलते, रच्च, रच्च! महिनाभर तो नाद रानात घुमायचा. पोळ्याच्या दिवशी गेडीचा अखेरचा नाच व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या गेड्या शिवेवर नेऊन मोडायच्या. मग पुढच्या श्रावणापर्यंत गेडीचं नाव काढायचं नाही.

आमचं गाव तलावाच्या पाळीखालचं, म्हणजे बांधाखालचं, मासे धरून आणि धान लावून पोट भरणाऱ्यांचं. ओढ्यापलीकडे, रानाच्या कुशीत, गोंडांचा टोला, म्हणजे छोटी वाडी. तिथला मानकू माझा जोडीदार. माझ्याहून वर्षभरानं मोठा, बोलण्यात महाकंजूष, आणि गेडीवर चढला की साक्षात वारा! गेडी मला शिकवली त्यानंच. पोळ्याच्या दुपारी पाळीजवळच्या माळावर पाच-सहा गावांच्या जोड्या उतरायच्या आणि निवाडा करायचा टोल्याचा म्हातारा भुमका, म्हणजे गावदेवाचा पुजारी. त्याची निवाड्याची तऱ्हा पाहा! म्हातारा आधी डोळे मिटून घ्यायचा. दोघांच्या चार गेड्या, पण आवाज एकाच माणसाचा यायला हवा, ही त्याची पहिली अट. डोळे उघडायचा तो थेट शेवटच्या गिरकीला.

तीन वर्षं आम्ही नदीपलीकडच्या दोघा भावांकडून हरत आलो होतो, आणि तेही सुताच्या अंतरानं. हरण्याचं दुःख एकवेळ पचतं हो, पण सुताच्या अंतरानं हरण्याचं? ते वर्षभर छातीत कुसळासारखं सलत राहतं. त्यातून हे चौथं वर्ष आमचं अखेरचं होतं. लग्न झालेल्या गड्यानं गेडीवर चढायचं नाही असा रिवाज, आणि धान निघालं की मानकूचं लग्न ठरलेलं. यंदा नाही, तर या जन्मात नाही!

आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली. माशी कसली, मासाच! पोळ्याला दोन दिवस उरले असताना मी तलावाच्या कडेच्या गाळात मासे चाचपत होतो आणि उजवा पाय पडला शिंगीवर. शिंगी मासा एवढासा, वीतभर. पण त्याच्या कल्ल्याजवळचा काटा म्हणजे विंचवाचा सख्खा भाऊ. आणि काटा शिरला कुठे? अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात, जिथे बांबू धरायचा नेमका तिथे! तळपायापासून मांडीपर्यंत आग उठली. मायनं मीठ भाजून पुरचुंडी बांधली, रात्रंदिवस पाय शेकला आणि वर दम भरला, "औंदाचा पोळा पाळीवरून पाह्यजो बापू. गेडीचं नाव काढशील तं याद राख!" मी मुकाट्यानं मान डोलावली. अठराव्या वर्षी माणूस मान डोलावतो ती आईला बरं वाटावं म्हणून.

मानकूला सांगावं का? छे! त्याला कळतं तर त्यानं तिथल्या तिथे गेड्या खाली ठेवल्या असत्या आणि माझ्याशेजारी पाळीवर बसून शेंगा सोलल्या असत्या. हौसेला मोल नाही म्हणतात. पण माझ्या हौसेचं मोल त्यानं का भरावं? शरीराची वेदना ही मोठी मानी असते. तिला चारचौघांत मिरवलं की ती लहान होते आणि लपवली की माणसाला मोठं करते, असं काहीतरी भव्य त्या वयात मला वाटत होतं. आज वाटतं, तो निव्वळ गाढवपणा होता. मात्र सांगून ठेवतो, तसा गाढवपणा करायला मिळणं हेही भाग्यच!

प्रश्न उरला आवाजाचा. दुखरा पाय पुरता भार घेणार नाही. भार नाही तर दोरी बोलणार नाही. आणि डोळे मिटलेल्या भुमकाच्या कानांतून मुंगीसुद्धा सुटायची नाही. तेव्हा मी शक्कल लढवली. आमच्या घरी जाळ्याच्या दोरीला तेल जितकं पाजावं तितकी ती दमदार होते. मग गेडीच्या दोरीनं काय घोडं मारलं? पोळ्याच्या सकाळी मायचा डोळा चुकवून मी उजव्या गेडीच्या बांधाला अर्धी चिमणीभर मातीचं तेल पाजलं, आणि घाईघाईत चढून पाहिलं. जास्तीचं तेल ओघळलं ते थेट जखमेत! काय सांगू? मेलेले पूर्वज आठवले, शाळेत कधी न आलेले पाढे आठवले. ओरडावं तर माय चुलीपाशी. मी धोतराचा सोगा तोंडात कोंबला आणि उभ्या उभ्या डोळ्यांतून पाणी काढलं.

दुपारी बैलांची पूजा आटोपली आणि माळ माणसांनी फुलला. ढोल घुमू लागला. नदीपलीकडचे दोघे भाऊ आधी उतरले आणि, खोटं कशाला बोलू, अप्रतिम नाचले. मग आमची पाळी आली. मानकूनं माझ्याकडे एकदा पाहिलं, नेहमीसारखं, आणि आम्ही पाऊल उचललं. पहिली दहा पावलं म्हणजे नरक! प्रत्येक उजव्या पावलाला बेचक्यात कुणी निखारा दाबत होतं. पण गंमत पाहा, ढोलाची लय चढत गेली तशी वेदना आणि नाद यांची कुठेतरी गाठ पडली. पाय दुखत होता की वाजत होता हेच कळेनासं झालं. रच्च, रच्च! बाजूनं चालणारा मानकू आणि मी, चार गेड्या आणि एकच आवाज! मी मनोमन खूश झालो. वा रे माझं तेल! डोळे मिटून बसलेल्या भुमकाची मान लयीत हलत होती, आणि पाळीवर माझी माय कपाळावर हात मारून उभी होती.

आता उरली गिरकी, आणि तिथे तेलाची मात्रा चालणार नव्हती. उजव्या गेडीवर उभं राहून डावी उचलायची, जोडीदाराच्या डावीत अडकवायची आणि त्या एका पायावर उड्या घेत पाच फेरे पुरे करायचे. सारा देह उजव्या पायावर! भुमकानं डोळे उघडले. मी दात आवळले, देवाचं नाव घेतलं, आणि बघतो तो काय, मानकूनं डावी उचललीच नाही. त्यानं उजवी उचलली! अशी गिरकी आम्ही कधी घेतली नव्हती. कुणीच घेतली नव्हती. मळणीचे बैल ज्या अंगानं फिरतात त्याच अंगानं गेडी फिरायची, हे वाडवडलांपासूनचं. पण विचार करायला उसंत कुठे होती? मीही उजवी उचलली, त्याच्या उजवीत अडकवली आणि माझ्या धडधाकट डाव्या पायावर आम्ही उलटे फिरू लागलो. एक फेरा डळमळला, दुसरा सावरला, तिसऱ्याला माळ, तलाव, रान, माणसं सारं एका हिरव्या वलयात विरघळलं. चौथा! पाचवा! देवा रे, त्या पाचव्या फेऱ्याचं सुख मी अजून कशातच अनुभवलेलं नाही. मी हसत होतो, मोठमोठ्यानं, वेड्यासारखा.

नदीपलीकडून कुणी ओरडलं, "उलटी गिरकी! हे चालत नाई!" गलका झाला. भुमका सावकाश उठला, पुढे आला आणि म्हणाला, "काऊन नाई चालत? पडले का ते? औंदा आवाज नाजूक होता, पण एकच होता. म्या आयकला." आणि त्यानं नारळ आमच्या हातात दिला. मग काय विचारता! टोला आणि गाव एकत्र नाचलं. माय धावत आली, आधी माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग माझ्या गळ्यात पडून रडली.

दुसऱ्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला. शिवेवर गेड्या मोडायला जायचं होतं आणि मला पाऊल टेकवेना. मानकू आला, पाठ करून खाली बसला आणि मला पाठुंगळी घेऊन निघाला. शिवेवर मोहाखाली आम्ही बसलो तेव्हा न राहवून मी विचारलं, "तुले कसं समजलं बे, पाय दुखते म्हणून?" तो हसला. "पहिल्याच पावलाले समजलं. तुही उजवी गेडी मुकी होती. इतकं तेल पाजते का कोणी? भिजली का दोरी बोलत नाई. जाळं समजला का गेडीले?"

मी चक्रावलोच. दोरी मुकी होती, तर मग भुमकानं ऐकलेला तो एक आवाज आला कुठून? मानकू आपली गेडी गुडघ्यावर धरून मोडत होता. वर न पाहताच म्हणाला, "मंग म्याही उजवा पाय हलका टाकत गेलो. तू अर्धा, तं मीबी अर्धा."

म्हणजे पाच-सहा गावांत ज्याच्या तोडीचा नाचणारा नव्हता, तो मानकू आपल्या आयुष्यातल्या अखेरच्या नाचात, भरल्या माळावर, धडधाकट पायानं लंगडला होता. एकेक पाऊल, माझ्या पावलाइतकंच हलकं तोलून! मला हुंदका आवरेना. तो गोंधळून म्हणाला, "आता काऊन रडून राह्यला? जिंकलो ना बे!"

जिंकलोच होतो. तेव्हापासून मला कुणी विचारलं, की तुमच्या मुलखात गेडीवर सर्वांत सुंदर कोण नाचलं, तर मी मानकूचं नाव सांगतो. आणि कधी, असं विचारलं तर सांगतो, ज्या वर्षी तो लंगडला त्या वर्षी.