सुगंधाबाईंचा कोबा

नागोराव परभणीचे, नोकरी बोईसरच्या कारखान्यात. सालवडला त्यांनी घर बांधायला काढलं तेव्हा भिंती आणि स्लॅब मेहुल कॉन्ट्रॅक्टरकडे दिला. गच्चीवरचा कोबा मात्र त्यांच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, स्वतःकडे ठेवला. माहेरी घरावरचं मातीचं माळवद चोपण्यात त्यांचं लहानपण गेलेलं. दुसऱ्या कुणी ते काम घाईत उरकावं हे त्यांना पटेना. शेजारच्या जिवलीलाही भाताचं खळं चोपायची सवय. दोघींनी विटांचे तुकडे, चुना आणि गुळाचं पाणी कालवलं आणि लाकडी चोपण्यांनी कोबा असा ठोकला की गल्लीत कुणाचा दुपारी डोळा लागला नाही.

पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत ओली झाली. मेहुलनं येऊन पाहिलं आणि मान हलवली.

"वहिनी, तुमी कामात हात घातलात. आता गळतीची जबाबदारी माझी नाय."

उन्हाळाभर त्याच गच्चीवर चहा पीत बायकोचं कौतुक मिरवणारे नागोराव लगेच त्याच्या बाजूला गेले. "फिटली हौस?" म्हणाले, तेही जिवलीसमोर. सुगंधाबाईंना हे फार झोंबलं. भिंत काय, आज ना उद्या दुरुस्त झाली असती. पण आपल्या हातच्या कामाला घरच्याच माणसानं नावं ठेवावीत?

त्यांनी आदळआपट केली नाही. पाऊस उघडला, भिंत सुकली, तशी त्यांनी मेहुलला बोलावून घेतलं.

"मी केलं ते माझं, तुम्ही केलं ते तुमचं. आधी दोन्ही वेगळं करून बघू. दोष माझा निघाला तर कोबा मीच उखडीन."

गच्चीवरचं पाणी त्याच भिंतीत बसवलेल्या पाइपातून खाली जायचं. तो पाइप मेहुलच्या माणसांनी बसवलेला. सुगंधाबाईंनी त्याच्या तोंडात चिंध्यांचा बोळा घट्ट कोंबला आणि गच्चीवर पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच, आणि खाली भिंत कोरडी ठणठणीत. मग सगळ्यांदेखत त्यांनी बोळा ओढून काढला. पाणी पाइपातून धावलं आणि बघता बघता भिंतीवर ओल फुटली.

मेहुलनं तिथलं प्लास्टर फोडलं. पाइपाचा जोड नुसता एकात एक सरकवलेला. चिकटवायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"आमचीच चूक हाय," तो म्हणाला. "उद्या करून देतो."

"ते तर कराच. पण माझा कोबा गळतो का, ते आधी यांना सांगा."

मेहुलला नागोरावांकडे वळून बोलावं लागलं. "कोबा पक्का हाय, साहेब. थेंब सोडत नाय." जिवली पदराआड हसली. सुगंधाबाई मात्र उघड हसल्या, पोटभर.

पुढच्या आठवड्यात कारखान्यातला एकजण गच्ची बघायला आला. हे काम कुणाचं, असं त्यानं विचारताच नागोरावांनी छाती फुगवली. "आमच्या घरचंच की."

"नावं सांगा," जिन्यातून सुगंधाबाई म्हणाल्या. "दोन्ही."

आणि नागोरावांनी सांगितली. आधी जिवलीचं, मग बायकोचं.