विरघळून गेलेली नळी

डॉक्टर दातार गेल्याचं मला रशीदभाईंनी सांगितलं, तेव्हा लूम चालू होते. आमच्या कारखान्यात त्या आवाजात बोललेलं कळत नाही, सगळं खुणेवर चालतं. मुकादम रशीदभाई आले, माझ्या उजव्या मनगटावरच्या जुन्या वणावर बोट ठेवलं आणि तेच बोट वर केलं. मला वाटलं, वरच्या मजल्यावर बोलावलंय. मी जिन्याकडं निघालो, तेव्हा त्यांनी खांदा धरून थांबवलं आणि माझा लूम स्वतः बंद केला... महिना उलटला, पण ते वर गेलेलं बोट डोळ्यांपुढून हलत नाही.

मी लातूरकडचा. सातवीतून शाळा सोडून भिवंडीला आलो. इथं आल्यावर दोन-तीन वर्षांतच एकदा लूममधून आडवा धागा नेणारा धोटा उडाला, खिडकीची काच फुटली आणि तिचा तुकडा मनगटात घुसला. जखम भरली, पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं मुकी झाली. बिडीनं कातडी जळाली तरी वास आल्यावरच कळायचं. तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारता येईना, आणि ज्याला गाठ मारता येत नाही त्याला लूमवर कोण उभं करणार? गावी परतावं, तर तिथंही पोट भरायला हातच लागतात.

दातारांचं घर भिवंडीतच, निजामपुऱ्यात, पिढ्यान्‌पिढ्यांचं. डॉक्टर मुंबईच्या इस्पितळात शस्त्रक्रिया करत आणि रविवारी सकाळी घराच्या पुढच्या खोलीत आमच्यासारख्यांचे हात बघत. मी शीर म्हणायचो, ते मज्जातंतू म्हणायचे; दोन भेटींत तेही शीर म्हणायला लागले. शिरेची तुटलेली टोकं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, म्हणाले. मधे एक बारीक नळी बसवू, टाक्यांच्या विरघळणाऱ्या दोऱ्याच्याच जातीची. तिच्यातून शीर वाट काढत पुढं येईल, आणि नळी आतल्या आत विरघळून जाईल. पद्धत नवी आहे, खात्री देत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, आणि मला एकाच गोष्टीची धास्ती बसली. विरघळणारी वस्तू म्हटल्यावर तिला पाणी लागता कामा नये. मी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली, वरून सूत गुंडाळलं. आंघोळीलाही हात वर. खोलीतली पोरं म्हणायची, "नवाब साहब, हाथ धोने को भी नौकर रखोगे क्या?" पुढच्या रविवारी डॉक्टरांनी पिशवी सोडली. वास खोलीभर झाला.

"गणपत, हे काय रे?"

"नळी भिजंल म्हणून, डॉक्टरसाहेब."

ते रागावतील वाटलं. त्यांनी मला मोरीवर नेलं, बाह्या वर केल्या आणि साबण लावून माझा हात स्वतः धुतला. मळ निघेना, तरी घासत राहिले. मग म्हणाले, "ताण्याला खळ कशाला लावतात?"

"विणताना तुटू नये म्हणून."

"आणि कापड तयार झाल्यावर?"

"धुऊन टाकतात."

"मग झालं तर. नळी म्हणजे तुझ्या शिरेची खळ; कापड होईपर्यंत ही खळ पाण्यानं जात नाही. मी सांगतो ना."

त्यानंतर दर रविवारी ते मनगटापासून टिचक्या मारत पुढं यायचे आणि मुंग्या कुठवर येतात ते विचारायचे. मुंग्या तळव्यात आल्या, बोटांच्या मुळाशी आल्या. सणालाही मी गावी गेलो नाही. गेलो तर शीर वाटेतच थांबेल, असं वाटायचं. एकदा त्यांनी डोळे मिटायला लावून अंगठ्याजवळचं बोट दाबलं. मी सांगितलं, मधलं. परत दाबलं. परत मधलंच. मला रडू फुटलं. ते मात्र हसत होते. "अरे, शीर घरी पोचली. खोली चुकलीय फक्त. शिकवू तिला." मग डोळे मिटून तांदूळ, वाल, सुतळी, काचेची गोटी ओळखायची. शिकायला वर्ष गेलं. ज्या दिवशी मी न बघता धागा धरून गाठ मारली, त्या दिवशी त्यांना दाखवायला तो गाठीचा धागा घेऊन पळत गेलो होतो.

मधे बरीच वर्षं गेली, माझा संसार झाला. शेवटचं भेटलो तेव्हा अर्धांगानं त्यांचाच उजवा हात गेला होता. मी शेजारी बसून त्यांची बोटं एकेक करून दाबली, ते करायचे तशीच. "डोळे मिटा, डॉक्टरसाहेब. कोणतं?" त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "तू सांग."

ते गेल्यापासून माझी बोटं परत चुकतायत. लूमवर अंगठ्याजवळच्या बोटानं धागा चाचपतो आणि मधल्या बोटाला कळतं, जिथं काही टेकलेलंच नसतं. डॉक्टरांनीच दाबलं असं वाटून मी वळून बघतो. मनाचे खेळ असतील, किंवा शिरेलाच काही झालं असेल. भीती वाटते, कारण घर याच हातावर चालतं. बायको म्हणते, मुंबईला दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. दाखवीन. पण तो विचारील, कोणतं बोट, आणि मी बरोबर सांगायला शिकलो की मधल्या बोटाला कुणी हात लावणार नाही... अजून गेलो नाही.