आबांच्या पिशवीतलं शिसं

ती घटना मनात आली की मला सगळ्यात आधी आठवतात ते माझेच थरथरणारे हात. सेवेची शेवटची काही वर्षं उरली होती. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो, आणि महामार्गावर स्वतःची गाडी चालवताना माझे दोन्ही हात कापू लागले होते. वय झालं, असं मी ठरवून टाकलं. बायकोनं डॉक्टरकडे नेलं. त्यांनी रक्तदाब पाहिला, तोंड वाकडं केलं आणि मीठ बंद केलं. खानदेशात राहून बिनमिठाचं भरीत खायचं म्हणजे काय, हे आमच्या कोठडीतल्या आरोपींनाही मी ऐकवत असे. त्यांना माझी दया येई.

एकदा आमचे हवालदार शेजारी बसले होते. थोडा वेळ ते माझ्या हातांकडे पाहत राहिले. मग अदबीनं म्हणाले, "साहेब, हात नाही थरथरत. स्टिअरिंग थरथरतंय. चाकाचं वजन पडलं असेल."

तीस वर्षं तपास केलेल्या माणसाला हे सुचू नये, याला काय म्हणावं. असो.

आम्ही सोनगीरच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका टायरच्या दुकानात थांबलो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडीचं चाक समतोल फिरावं म्हणून त्याच्या रिंगच्या कडेला बोटाच्या पेराएवढे तुकडे ठोकलेले असतात. पूर्वी ते शिशाचेच असत, आता बरेचसे लोखंडाचे येतात. जुने काढलेले तुकडे टायरवाले एका डब्यात टाकतात आणि डबा भरला की भंगारात देतात. त्या दिवशी त्या डब्यापाशी एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसले होते. धोतर, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. एकेक तुकडा उचलून ते चाकूनं ओरखडत होते. मऊ निघाला तर पिशवीत, कडक निघाला तर परत डब्यात.

मी त्यांना ओळखत होतो. ठाण्याच्या हद्दीतल्या एका गावचे बागायतदार, अख्खं गाव त्यांना आबा म्हणे. पीक संरक्षणाचा परवाना असलेली ठासणीची जुनी बंदूक त्यांच्याकडे होती, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागताच ती ठाण्यात जमा करणारे ते पहिले. बाकीच्यांना आम्ही निरोपावर निरोप पाठवत होतो. आबा मात्र बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून स्वतः घेऊन आले होते, जणू लेकीला सासरी पोचवायला आले आहेत.

"रामराम साहेब," ते म्हणाले. "आम्हनी बंदूक खुशाल शे ना?"

"खुशाल आहे, आबा. रोज चहा पाजतो तिला."

ते हसले. मी पिशवीकडे बोट दाखवलं. "एवढं शिसं कशाला?"

"जाळीले लावाले. नातू तापीवर मासा धरस. जाळीले वजन लागस ना."

मी मान डोलावली. चाकाला वजनं लागली, हात थरथरायचे थांबले, आणि मी त्या आनंदात वाटेतच दोन प्लेट खारे शेंगदाणे खाल्ले. पुढचे काही दिवस मला आबांची आठवण येण्याचं काही कारण नव्हतं.

मग ग्रामीण रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. वय लहान, आवाज घाबरलेला. "सर, एक पेशंट आहे. मांडीला जखम. ट्रॅक्टरच्या चाकाखालून दगड उडून लागला म्हणतात. पण मी जो दगड बाहेर काढला तो शिशाचा आहे."

जखमी माणूस आबांचा सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राहणारा गडी. ह्याची झोपडी आबांच्या मक्याच्या शेताला लागून होती. त्याला दवाखान्यात आबांनीच स्वतःच्या पिकअपमध्ये घालून आणलं होतं, औषधंही तेच आणून देत होते. मी आत गेलो तेव्हा ते त्याच्या उशाशी बसून मोसंबी सोलत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "आबा, असे मालक आता राहिले नाहीत." हे वाक्य पुढे आमच्या ठाण्यात कित्येक महिने चाललं. कुणी चहा सांगितला की मागून कुणीतरी म्हणायचं, असे मालक आता राहिले नाहीत.

डॉक्टरांनी मला बाहेर नेलं. गोळी हाडावर आपटून फुटली होती, अर्धी आतच होती. "धुळ्याला न्यायला पाहिजे. आतून पू धरतोय. उशीर झाला तर पाय काढावा लागेल. पण पेशंट सही करून नकार देतोय. म्हणतो, आबा सांगतात इथंच बरा होशील."

मी सालदाराचा जबाब घेतला. तिशीतला माणूस, तापानं डोळे लाल.

"कुणी मारलं?"

"माले कोणी दखायनं नही साहेब. दगड उडना."

"दगड शिशाचा होता."

तो भिंतीकडे पाहू लागला. त्याची बायको दाराशी पदर तोंडात धरून उभी होती. मी तिला विचारलं, "तुम्ही तरी सांगा. धुळ्याला का नेत नाही?" ती म्हणाली, "आबा म्हणतीन तसं."

गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध नोंदवला. मग सुरू झालं नेहमीचं. डोंगरापलीकडून गावठी हत्यारं येतात हे सगळ्यांना माहीत, म्हणून आधी त्या धंद्यातले जुने लोक उचलले. शेतात घटनास्थळ पंचनामा केला. मका दोन ठिकाणी आडवा झालेला, डुकरांच्या खुरांचे ठसे सगळीकडे. परिसरात शोध घेतला, त्यात दोन छर्ऱ्यांच्या बंदुका आणि दारूची हातभट्टी सापडली. हातभट्टीवाल्यानं तर मला विचारलं, "साहेब, तुम्ही नक्की काय शोधताय?" प्रश्न योग्य होता. माझे लोक दिवसभर काटेरी कुंपणं ओलांडून फाटक्या पँटींनी परत यायचे आणि संध्याकाळी डॉक्टरांचा फोन यायचा: ताप उतरत नाही. आबांवर संशय घ्यावा तर त्यांची बंदूक आमच्याच खोलीत, आमच्याच कुलुपात. आणि सालदाराजवळ जाऊन पाहावं तर उशाशी आबा, हातात मोसंबं.

निवडणुकीत जमा झालेल्या हत्यारांची वरून तपासणी होणार होती, म्हणून एका सकाळी हवालदार आणि मी ती खोली झाडायला घेतली. आबांची बंदूक हाती आली. तेल लावून ठेवलेली, लुगड्यात गुंडाळलेली. मी सहज म्हणालो, "परवा टायरच्या दुकानात भेटले होते. हिचीच चौकशी करत होते. नातवाच्या जाळ्याला शिसं नेत होते."

हवालदार झाडू घेऊन थांबले. "कसल्या जाळ्याला?"

"मासे धरायच्या."

"साहेब, आबा माळकरी आहेत."

"असतील. नातू धरतो म्हणाले."

"त्यांच्या घरात अंडं येत नाही. सुनेचा बाप एकदा सुकट घेऊन आला होता, तर आबांनी त्याला वेशीबाहेर जेवायला लावलं. अख्ख्या गावाला माहीत आहे. त्यांचा नातू मासे धरेल?"

मी बंदूक हातात घेऊन तसाच बसलो. माळ तर मी पाहिली होती. त्यांच्याशी बोलताना माझी नजर तिच्यावरच होती. आणि ज्याची बंदूक आमच्या कुलुपात आहे तो माणूस शिशाचा एकेक तुकडा ओरखडून का पाहत होता, हेही मला तेव्हाच विचारता आलं असतं. पण माणूस धोतरात, माळेत आणि हसतमुख असला की आम्ही पोलीसही प्रश्न अर्धाच विचारतो. सराईत गुन्हेगार खोटं बोलतो तेव्हा ते नीट बेतलेलं असतं. सज्जन माणसाला सवय नसते, त्याच्या तोंडी पहिलं येईल ते खोटं असतं. म्हणून ते पकडायला सोपं. फक्त ते खोटं असू शकतं हे आपल्या मनात यायला हवं.

आबांना ठाण्यात बोलावलं. चहा दिला. माझ्या टेबलासमोर ते टोपी सारखी करत बसले.

"आबा, नातू कोणते मासे धरतो?"

कप वरच्या वर थांबला. मी वाट पाहिली. चौकशीत गप्प बसणं हे काम सगळ्यात अवघड असतं. निम्मे अधिकारी तिथंच हरतात, स्वतःच बोलू लागतात. आबांचा हात माळेकडे गेला आणि निम्म्यातून मागे आला. त्या माळेची शपथ घ्या, असं मी म्हणू शकलो असतो. हवालदारांनी मला तसं डोळ्यानं सुचवलंही. मला ते करवलं नाही.

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, पाय काढावा लागेल. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत शे."

"मग धुळ्याला का जाऊ देत नाही?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "तठे फोटो काढतीन," ते म्हणाले. "फोटोमा गोळी दखाई जाई. मंग दगड उडना आसं कोण मानी?"

त्यानंतर सगळं आलं. दुसरी बंदूक डोंगरापलीकडून घेतलेली होती. दर निवडणुकीला परवान्याची बंदूक जमा व्हायची आणि नेमका तेव्हाच मका कणसात असायचा. "तुम्ही आम्हनी बंदूक लई जातस," ते म्हणाले, "डुकरेस्ले आचारसंहिता शे का साहेब?" मला हसू आलं, आणि त्या क्षणी हसू आल्याचं वाईटही वाटलं. पहाटे मका हलताना दिसला म्हणून त्यांनी बार उडवला. सालदार पाण्याची बारी बदलायला लवकर आत शिरला होता.

"मी त्याले पाठवर उचलीसन आना," आबा म्हणाले. "मन्हा पोरगासारखा शे तो."

"पोरगा असता तर धुळ्याला नेला असता," हवालदार म्हणाले. ते सहसा मध्ये बोलत नाहीत.

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

पंचांसमोर निवेदन पंचनामा झाला, म्हणजे आरोपी स्वतः जागा दाखवतो आणि आम्ही ती लिहून घेतो. आबा पुढे, आम्ही मागे. कडब्याच्या गंजीतून त्यांनी बंदूक काढून दिली. गोठ्यामागे तीन दगडांची चूल, तिच्यावर आबांच्या बायकोची जुनी लोखंडी कढई, तळाशी राखाडी थर. शेजारी गोळ्यांचा साचा, आणि राखेत पडलेल्या लोखंडी चिमट्यांचा ढीग. चाकाच्या वजनाला रिंगवर पकडून ठेवणारे, शिसं वितळलं की वेगळे होणारे. त्यातला एक उचलून मी उन्हात धरला. महामार्गावरून भरधाव गेलेल्या कुठल्या कुठल्या गाड्यांची ती वजनं असतील, कोण जाणे. आबांची म्हातारी ओट्यावरून पाहत होती. तिनं एवढंच विचारलं, "कढई परत मिळी का?" मी म्हणालो, कोर्टाला विचारावं लागेल.

त्याच दुपारी सालदाराला रुग्णवाहिकेनं धुळ्याला हलवलं. पाय वाचला. थोडा आखूड राहिला, पण वाचला. शस्त्र अधिनियमाखाली आणि दुखापतीच्या गुन्ह्यात दोषारोपपत्र गेलं. आबांना काही दिवसांनी जामीन मिळाला. पेपरात छोटी बातमी आली. वरिष्ठांनी शाबासकी दिली.

मग एक दिवस मी धुळ्याला सालदाराचा पुरवणी जबाब घ्यायला गेलो. तो झोपला होता. त्याची बायको व्हरांड्यात पाण्याची बाटली धुत होती. मला वाटलं, ती काहीतरी बरं बोलेल. माणूस शेवटी असल्याच आशेवर नोकरी करतो.

ती बाटली तशीच धरून म्हणाली, "आबाना पोरगानी आम्हनी झोपडी काढी टाकी. भांडा बठ्ठा बांधवर फेकी दिधा. साल मोडं. आते लंगडा गडीले कोण ठेवी साहेब? तुम्हले कोणी सांगेल व्हतं बंदूक शोधाले?"

मी समाजकल्याणच्या कचेरीचं नाव सांगितलं, कुणाला भेटायचं ते सांगितलं. ती ऐकत नव्हती. ती मला बोलत राहिली आणि मी टोपी काखेत धरून उभा राहिलो, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. जाणारे-येणारे बघत होते. एका शिपायानं तिला गप्प करायचा प्रयत्न केला, त्याला मी हातानं थांबवलं.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं लोक विचारतात. तपास लागला की काम संपतं, असं आम्हाला शिकवतात. कागदावर ते संपतंही. त्या व्हरांड्यात मला पहिल्यांदा कळलं की माणूस दुसऱ्याला जपण्यासाठी खोटं बोलतो तेव्हा तो सहसा स्वतःचं छप्पर जपत असतो, आणि आपण खरं शोधून काढतो ते त्याचं छप्पर काढूनच. तरी शोधावं लागतं. पाय तर वाचवायचा होता ना. यापलीकडे मला काही सांगता येत नाही, आणि हेही मी फार ठामपणे सांगत नाही.

घरी आलो. बायकोनं ताट वाढलं. मी न विचारता सगळं सांगितलं. सालदाराची बायको काय बोलली, कशी बोलली, लोक कसे बघत होते. शेवटी म्हणालो, "पाय वाचवला, तर वर शिव्या खाल्ल्या."

बायकोनं भाकरी मोडून ताटात ठेवली. म्हणाली, "आबांवर रागावायची तिला सवय नाही. नवरा खाटेवर आहे, त्याच्यावर आत्ता रागावता येत नाही. कुणावर तरी रागावल्याशिवाय ती उद्या उठणार कशी? तुम्ही सापडलात, बरं झालं. पुढच्या आठवड्यात परत जा, आणि काही बोलली तर ऐकून घ्या."