रॉकेलनं पुसलेलं इंजिन

सौंसरला आमच्या शेजारचा तो माणूस तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून छोट्या लाइनच्या आगगाडीचं इंजिन बनवायचा आणि मग ते मळवत बसायचा. धुराड्याला चुलीची काजळी, टाकीखाली तंबाखूच्या डबीतला चुना. "रामाकोन्याच्या टेसनावर पानी भरतानी सांडते. थे ओघळ दिसलेच पायजे," म्हणायचा.

गणपतीच्या आराशीसाठी मंडळानं ते मागून नेलं आणि अध्यक्षानं रॉकेलनं पुसून लख्ख केलं! देवापुढं मळकं नको म्हणे. स्वतः त्याच गाडीनं काळाठिक्कर होऊन उतरणारा हा माणूस! माझं डोकंच फिरलं.

शेजारी मात्र भर आरतीत पुढं गेला, निरांजनाची काजळी बोटावर घेतली आणि धुराड्याला फासली. अध्यक्ष ओरडला.

"भाऊ, गाडी रोज राबून रायली," तो म्हणाला, "तिच्या अंगाले घाम राहीन का अत्तर?"