खातं ठेक्यावर गेलं

पूर्वी आमच्या खोलीत दुपारी पुरुषमाणूस दिसायचा नाही. काम सुटल्यावर पप्पा दिवसभर घरी असायचे आणि मागच्या गल्लीतले हिरामण काकाही आमच्याकडेच येऊन बसायचे, त्यामुळे किस्से साठत गेले. मिलचं काम होतं तेव्हा घडायचं कमी आणि थकायला व्हायचं जास्त. मी कोपऱ्यात अभ्यास करते. फारसं बोलत नाही, म्हणून मी तिथे आहे हे दोघं विसरून जातात.

पप्पा पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते, म्हणजे रंगून आलेल्या कापडाच्या घड्या घालायचे. काका रंगाई खात्यात. दोघंही शिरपूरकडचे, दोघांची पन्नाशी उलटलेली. इथे गुजरातेत बाहेर हिंदी-गुजराती, पण एकमेकांशी कायम अहिराणी.

* * *

सुरुवात पेढ्यांनी झाली.

एका सकाळी फोल्डिंगच्या टेबलाजवळ पूजा होती. नारळ फुटला, अगरबत्ती लागली, एक अनोळखी माणूस टिळा लावून उभा होता. प्रत्येकाला पेढ्यांचं एकेक पाकीट मिळालं. पप्पांना वाटलं, शेठच्या नात्यातला कोणी असेल, घरी काही मंगल असेल. त्यांनी त्या माणसाचा हात हातात घेऊन अभिनंदनसुद्धा केलं.

आईने पेढे देवापुढे ठेवले आणि मग गल्लीत वाटले.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या मास्तरने सांगितलं की महिना संपला की फोल्डिंग आणि रंगाई दोन्ही खाती ठेक्यावर जाणार. टिळावाला माणूस म्हणजे ठेकेदार. तो त्याची तरुण पोरं आणणार. पेढे त्याच्या मुहूर्ताचे होते.

आईने पेढ्यांचं रिकामं पाकीट हातात घेतलं. मग म्हणाली, "सगळे विचारत होते, कशाचे पेढे? मी म्हटलं, कामावरचे आहेत, चांगलंच काहीतरी असेल."

* * *

हा किस्सा नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आई-पप्पांचं ठरलं होतं की दिवाळीपर्यंत काम लागलं नाही तर खोली सोडायची आणि गावी जायचं. मी दहावीत आहे. गावात शाळा दहावीपर्यंतच. माझ्या मामेबहिणीची दहावी झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. ती माझ्यापेक्षा हुशार होती.

आईने आमच्या वर्गाच्या बेनना, म्हणजे बाईंना, सहज विचारल्यासारखं विचारलं, "मध्येच दाखला मिळतो का हो?" बेन म्हणाल्या, "मिळतो की." त्या दिवसापासून बेननी वर्गात माझ्याकडे पाहिलं तरी मी वहीत डोकं घालते.

* * *

काकांना कोणीतरी सांगितलं की ठेकेदाराची माणसं आधी केस बघतात. काका म्हणाले, "मग त्यात काय? आयुष्यभर रंगवलंच आहे."

संध्याकाळी आमच्या मोरीत बसून त्यांनी केस रंगवले. शेड जुळवायला समोर नमुना हवा, म्हणून मला बोलावलं. माझी वेणी आपल्या डोक्याशी धरून पप्पांना विचारलं, "मिळनी का शेड?" पप्पांनी मान तिरकी करून दोन्हीकडून पाहिलं आणि माल पास केला.

सकाळी दोघं कामाच्या शोधात निघाले. नाक्यावर ऊन आलं आणि काकांचं डोकं वांग्यासारखं जांभळं दिसायला लागलं.

मिलमध्ये कापडाचा तुकडा दाराबाहेर उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय काका कधी शेड पास करायचे नाहीत. स्वतःचं डोकं त्यांनी ट्यूबलाइटखाली पास केलं होतं.

"फेल माल," काका परत येऊन म्हणाले. "वहिनी, पुन्हा टाकीत टाकावा लागेल." सगळे हसलो.

* * *

पप्पांना घरी बसून घड्यांची सवय सुटेना. आईच्या साड्या, माझा युनिफॉर्म, रुमाल, पिशव्या, सगळ्यांना मिलची घडी. कडा अशा जुळलेल्या की उलगडायचं मन होत नाही. शेजारच्या बायका हौसेने साड्या घेऊन यायला लागल्या.

मग एके दुपारी पाहिलं तर पप्पा घातलेली घडी मोडत होते आणि त्याच साडीची पुन्हा घालत होते. पुन्हा मोडली, पुन्हा घातली. रेडिओही बंद होता. मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. मला भीती वाटली, की वर पाहिलं तर ते थांबतील आणि मग काय करतील?

आई आत आली. थोडा वेळ बघत उभी राहिली.

"झालं असेल तर आता मला घाला घडी," ती म्हणाली, "आणि ठेवा फळीवर."

पप्पा हसले. साडी मात्र सोडली नाही.

* * *

अनोळखी नंबरवरून फोन आला की पप्पा आधी शर्ट घालतात. घरी बनियनवर असतात, आणि कामाच्या माणसाशी बनियनवर कसं बोलायचं? बटणं लागेपर्यंत फोन बंद होतो.

एकदा मात्र वेळेत उचलला. उभे राहून बोलले. "जी मॅडम. हा मॅडम. जी, जी."

आई पदराने तोंड दाबून उभी. मी मनातल्या मनात देवाला सगळं काही कबूल करत होते.

फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, कर्ज हवं असेल तर एक दाबा."

"पण मग एवढं जी जी कशाला?"

पप्पा शर्ट काढून खिळ्याला लावत म्हणाले, "आवाज चांगला होता. वाटलं, पुढे काही कामाचं बोलेल."

* * *

इच्छापोरच्या एका कारखान्यात माणसं घेत होते. दोघं शेअर रिक्षाने गेले. तिथला सुपरवायझर पोरसवदा, पण फार सभ्य. काकांना बघून खुर्चीवरून उठला. "आवो काका, बेसो." पाणी मागवलं. गाव कोणतं, घरी कोण कोण, सगळं विचारलं. निघताना दारापर्यंत आला.

काका खूश. "माणूस चांगला होता, भो. काम पक्कं."

पप्पा म्हणाले, "खुर्ची कुणी दिली का आपल्याला कधी मिलमध्ये? ज्याला खुर्ची दिली, त्याला काम नाही."

तसंच झालं. फोन आलाच नाही.

पुढच्या आठवड्यात कडोदऱ्याला गेले. तिथल्या मुकादमाने लांबूनच ओरडून सांगितलं, "ए बुढ्ढे, साईड में खडा रह."

काका पप्पांच्या कानाशी लागले. "भो, आते काम व्हई."

तेही झालं नाही. पण त्या दिवशी दोघं परतले ते हसतच.

* * *

शेवटी पप्पांना काम लागलं. पांडेसऱ्यातच एका युनिटच्या गेटवर, वॉचमनचं. युनिफॉर्म इतका मोठा की आईला बाह्या आत दुमडून शिवाव्या लागल्या. आईने देवाला साखर ठेवली, पण गल्लीत काही वाटलं नाही.

सुपरवायझरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आधीच्या वॉचमनने आपल्या गावचे ओळखीचे लोक आत सोडले, म्हणून त्याला काढलं. "तुम्हारा कोई पहचानवाला इधर नहीं दिखना चाहिए." पप्पांनी हे घरी आल्याबरोबर सांगितलं. काका त्या दिवशी आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पप्पा डबा विसरले. माझी शाळा सकाळची, म्हणून सुटल्यावर मी द्यायला गेले. गेटबाहेर काम मागायला आलेली माणसं उभी होती. सगळ्यांत पुढे हिरामण काका. टोपी घातलेली, शर्टाला इस्त्री. पप्पांना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"भो..." ते म्हणाले.

पप्पांच्या मागेच सुपरवायझर उभा होता. त्याने विचारलं, "ये आपका पहचानवाला है?"

मी डबा छातीशी धरला. पप्पांना मी दिसत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नहीं साहब," पप्पा म्हणाले.

काकांनी हात जोडले, सुपरवायझरला आणि पप्पांनाही, आणि माझ्या बाजूने निघून गेले. मला त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहिलं नाही असं केलं.

संध्याकाळी पप्पा युनिफॉर्म न काढताच दाराजवळ बसले. आईने दोनच कप मांडले. तेवढ्यात दार वाजलं. काका होते. रोज ते थेट आत येतात, आज उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी हिरामण. आठेच राहस, मांगली गल्लीमा. तुम्हनं नाव काय शे?"

पप्पा उठून उभे राहिले आणि त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.