न बोलणाऱ्या सुनेचे डाग

जानेफळच्या दवाखान्यात मी रुजू झाले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवे कोरे होते आणि माझी पदवीही. राज्याला निदान मुंबई तरी मिळाली होती. मला मिळाले एक सूक्ष्मदर्शक, दोन बाकडी आणि ‘डॉक्टर कुठं गेले?’ असे मलाच विचारणारे रुग्ण. त्वचारोगांचे पुढचे शिक्षण घेऊन मोठ्या शहरात नाव काढायचे, हा माझा बेत होता. सरकारने त्यावर मेहकर तालुक्याचा शिक्का मारला.

त्वचेविषयी जे शिकले ते गोऱ्या लोकांच्या छायाचित्रांवरून. गुलाबी माणसाच्या अंगावरचे कोड शोधायला डोळ्यांपेक्षा श्रद्धा अधिक लागते. नागपूरच्या आमच्या एका प्राध्यापकांनी मात्र एकदा सांगितले होते, की सावळ्या आणि काळ्या कातडीत कोडाचा एक विरळा प्रकार आढळतो. त्यात रंग पुरता जात नाही, नुसता विटतो. फिकट डाग कपाळाच्या कडेने, नाकाच्या बाजूंना, मानेवर उमटतात. अंगावर तुरळक ठिपके असतात. आणि डोक्यात केसांखाली कधीकधी एखादा डाग खडूसारखा पांढरा सापडतो. परीक्षेत हे येणार नव्हते, त्यामुळे वर्गाने ते तिथल्या तिथे विसरून टाकले. मला परीक्षेत न येणाऱ्या गोष्टींचीही हाव होती.

एका बाजाराच्या दिवशी दवाखान्यापुढे बैलगाडी थांबली. पुढे सासरे, मध्ये तान्हे मूल मांडीवर घेतलेली सासू, आणि अगदी मागे, पाय बाहेर सोडून, दोघांकडे पाठ करून बसलेली सून. मूल रडत होते. आई हाताच्या अंतरावर होती आणि कोणी ते तिच्याकडे देत नव्हते.

“रगतपितीच्या गोया द्या,” सासरे किराणा मागावा तसे म्हणाले.

रगतपितीची, म्हणजे महारोगाची, पाहणी करणारा एक तपासनीस त्यांच्या गावी येऊन गेला होता. त्याची रीत शास्त्रशुद्ध होती: रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, कापसाच्या बोळ्याने डागाला हलकेच स्पर्श करायचा आणि विचारायचे, लागले का? कातडी बधिर असेल तर महारोगाचा संशय धरायचा. ही शास्त्रशुद्ध तपासणी ओसरीवर झाली, सासरे, दीर आणि सवड असलेला सगळा गाव यांच्या साक्षीने. सून काही बोलली नाही. तपासनिसाने निकाल दिला. तेव्हापासून तिचे अंथरूण गोठ्यात, ताट वेगळे आणि मूल शेळीच्या दुधावर. ते दूध त्याला मानवत नाही, हे कळायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती.

मी तिला आत घेतले. कपाळावरचे आणि नाकाजवळचे फिकट डाग पाहताच मला नागपूर आठवले. मी कापूस टेकवला.

“लागतं का इथे?”

“नाही लागत तिले,” सासऱ्यांनी कळवले.

“कपाळ तुमचं आहे का?”

“कपाय तिचंच हाय बाई. पन बोलनं तं माह्यंच हाय न!”

त्यांना बाहेर कडुनिंबाखाली बसवले. तरी ती गप्पच. आत सासू होती. मग मी रीत बदलली.

“बोलू नकोस. डोळे मीट, आणि जिथे लागेल तिथे फक्त बोट ठेव.”

कापूस टेकला की तिचे बोट नेमके तिथे जाई. गरम आणि थंड पाण्याच्या नळ्यांतला फरकही तिने बोटानेच दाखवला. चेहऱ्यावर बधिरपणा उशिराही येऊ शकतो, म्हणून एवढ्यावर मी थांबले नाही. कोपराचे आणि मानेचे मज्जातंतू चाचपले; महारोगात ते जाड होतात, तिचे नव्हते. डाग खरवडून पाहिले. गजकर्णाची बुरशी नव्हती. कानाच्या पाळीतला द्रव काचेवर घेऊन रंगवला. महारोगाचे जंतू नव्हते.

“पदर खाली घे,” मी म्हणाले.

तिने सासूकडे पाहिले. सासूने नाइलाजाने मान हलवली. भांगाच्या बाजूला, केसांच्या दाटीत, एक डाग होता, खडूसारखा पांढरा. तपासनिसाला तो दिसणे शक्यच नव्हते. सुनेने तोंड उघडले नव्हते आणि पदरही ढळू दिला नव्हता. अशा सुशील रुग्णाचे निदान चुकायलाच हवे.

“हा महारोग नाही,” मी सांगितले. “कोड आहे.”

“कोड!” सासूने कपाळावर हात मारला. “अवं माय! त्याच्यापरीस रगतपिती बरी, तिले गोयी तरी हाय!”

“कोड कोणाला लागत नाही. दुधातून तर नाहीच.”

आरडाओरडा ऐकून सासरे आत आले, तशी सुनेने पदर पुन्हा पुढे ओढला. “मंग तो सायेब खोटं बोलला का? सरकारी मानूस हाय तो.”

“मीही सरकारीच आहे.”

“तुमी बाई हाय,” त्यांनी माझी चूक सौम्यपणे दुरुस्त केली.

माझे भाषण तयार होते, जंतू, मज्जातंतू, रंगद्रव्य अशा क्रमाने. ते द्यायची वेळ आली नाही.

“लागलं होतं.”

आवाज पदराआडून आला होता. आम्ही सगळे वळलो.

“तवाबी लागलं होतं मले. समदं लागलं होतं.”

“मंग बोलली काऊन नाही वं?” सासू ओरडली.

“मामाजी बसले होते न.”

सासऱ्यांचा चेहरा पडला, पण निदानामुळे नव्हे. “पाह्य! आता तं माह्यासमोर बोलाले लागली!”

“बोलू द्या जी,” सासू म्हणाली. “मीनंच शिकोलं होतं तिले गप राहाले. गप राहूनच गेली न गोठ्यात?” आणि तिने मूल सुनेच्या मांडीवर ठेवले. “धर. पाज त्याले.”

सासरे बैल पाहायला घाईने बाहेर गेले.

मूल दूध पिऊ लागल्यावर सासूने सुनेच्या डोक्यातला तो डाग जवळून न्याहाळला. “हा वाढन का बाई?”

“वाढेलही. आज सांगता येत नाही. पुन्हा दाखवायला आणा.”

“आनीन,” ती म्हणाली, आणि सुनेचा पदर तिनेच नीट डोक्यावर ओढला.

मी दारापर्यंत गेले. गाडीत पुढे सासरे होते, रस्त्याकडे तोंड करून, दुखावलेले. मागच्या टोकाला, पाय बाहेर सोडून, सासू बसली होती. मध्ये सून; तिथे हादरे कमी लागतात, आणि मूल अजून पीत होते.