उतारावरचा दोर

ही गोष्ट मी पन्नासदा तरी सांगितली असेल, आणि एकदाही सांगितलेली नाही. म्हणजे असं — अर्धी सांगतो, लोक पोट धरून हसतात, आणि त्या हशातच मी थांबतो. पुढची अर्धी कुणालाच ठाऊक नाही. बायकोलाही नाही.

हसण्याची अर्धी आधी घ्या. विमा कचेरीतून निवृत्त झालो आणि मैंदर्गीच्या शेतावर मुक्काम वाढवला. तिथं आमचं शेततळं. खड्डा खणून आत प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला, चारी बाजूंनी तारेचं कुंपण. डाळिंबाला पाणी द्यायचं साधं तळं — पण मला त्यात केरळ दिसलं. पाण्यावर जेट्टी हवी, तिच्यावर खुर्ची, हातात चहा! आठ निळे ड्रम आणले, वर फळ्या ठोकल्या. ड्रम आत न्यायला कुंपण कापावं लागलं, कारण फाटक अरुंद आहे हे मला ड्रम आल्यावर कळलं. उद्घाटनाला मी खुर्ची मांडून बसलो आणि जेट्टी माझ्यासकट शांतपणे खाली गेली. दोन ड्रमांची बुचं लावायची राहिली होती. कप तेवढा मी वर धरून ठेवला होता. गावानं तिला 'साहेबांचा पलंग' असं नाव ठेवलं.

इथं मी थांबतो. आज थांबत नाही.

दोराचं सांगायला हवं. शेततळ्याचा कागद ओला झाला की साबणासारखा होतो. आत पडलेलं जनावर पोहतं, उतारावर चढायला बघतं, घसरतं — दमेपर्यंत. म्हणून आमचं शेत बघणाऱ्या सिद्धाप्पांनी उतारावर एक जाड दोर सोडला होता, हातहातभर अंतरावर जुने टायर बांधून. वरचं टोक खांबाला. रोज सकाळी दोर ओढून बघायचे, गाठ तपासायचे, मगच चहा. त्या टायरांवरून घोरपड चढून गेलेली मी पाहिली आहे, एकदा खोकडाचं पिल्लूही. "खड्डा आपण केला, तर वर यायची वाट बी आपणच ठिवायची की," म्हणायचे.

तर दुसऱ्यांदा बांधलेली जेट्टी तरंगली, पण वाऱ्यानं तळंभर फिरायला लागली. बांधायला दोर हवा होता. सिद्धाप्पा चार दिवस वैरागला लेकीकडे गेलेले. आणि — खरं सांगू? — ते टायर मला फोटोत नको होते. कचेरीतले जुने मित्र रविवारी येणार होते. मी गाठ सोडली, टायर बांधामागे टाकले, दोर फळ्यांखालून ओवून जेट्टी आवळून टाकली. उद्या नवा दोर आणू, म्हटलं. कापलेलं कुंपणही तसंच. मित्र आले, हसले, गेले. नवा दोर राहिला.

सोमवारी सकाळी पाण्यात हरणी होती. मेलेली, जेट्टीला टेकून. फळ्यांच्या कडेवर खुरांचे ओरखडे होते, एकावर एक, आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. माझ्या हौसेला धरून वर यायला बघत होती ती. किती वेळ? मी शंभर पावलांवर खोलीत झोपलो होतो.

दुपारी फॉरेस्टचा गार्ड आला, तोवर सिद्धाप्पाही एसटीनं परतले होते. गार्डनं उताराकडे बघत विचारलं, जनावराला वर यायला काही सोडलेलं नव्हतं का?

मी काय म्हणालो ते ऐका. "दोर सिद्धाप्पा बघतात."

एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नाही. लोकांचे दावे नाकारताना मी जन्मभर अशीच वाक्यं घडवत आलो होतो.

आणि मला ठाऊक होतं — याच्याचभोवती मी इतका वेळ फिरतोय — त्या वर्षी सिद्धाप्पांना विसरायला होत होतं. पाण्याची मोटार चालूच राहायची. विळा हातात असून शोधायचे. सोलापुरातला मुलगा मागे लागला होता, आप्पा, आता बास, माझ्याकडं चला. ते जात नव्हते. मला एकट्याला गाठून म्हणाले होते, "साहेब, डोकं हाय अजून माझं. दोराची गाठ एक दिवस चुकली न्हाय. ती चुकली की जातो."

आता ते खांबाजवळ गेले. रिकाम्या खांबावरून हात फिरवला. "मीच सोडला असंल," म्हणाले. "ध्यानात न्हाय." मग माझ्याकडे वळले. "साहेब, मी गेलो तवा दोर हुता का?"

दोर पाच हातांवर होता, फळ्यांखाली. मी म्हणालो, "जाऊ द्या आता, सिद्धाप्पा."

गार्डनं अपघात लिहून घेतला आणि गेला. आठवड्याच्या आत मुलगा आला. सिद्धाप्पांनी आपली पिशवी आधीच भरून ठेवली होती.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो — ठरवून. सोलापुरातली एक खोली, खाटेवर बसलेले. लेकीचं नाव आठवत नाही, बायको गेलेली आठवत नाही, जेवलो की नाही तेही नाही. मला मात्र ओळखलं. हात धरून म्हणाले, "दोर माझ्याकडनं ऱ्हायला, साहेब. लई वंगाळ झालं." सगळं गेलं होतं त्या डोक्यातून, आणि उरलं होतं ते एवढंच — जे घडलंच नव्हतं. जे मी तिथं ठेवलं होतं.

मग मी बोललो. मुलासमोर, शब्द न चावता. "सिद्धाप्पा, तो दोर मी सोडला होता. तुमची गाठ चुकली नव्हती."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि मुलाला म्हणाले, "बग, किती चांगलं माणूस हाय. माझ्यासाटी खोटं बोलतंय."

मुलाचे डोळे भरून आले. तो आत गेला, चहा घेऊन आला, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

मी पुन्हा सांगितलं नाही. चहा प्यालो आणि निघालो.